बेळगावहून कारवार: काळी नदी, खारा वारा आणि विंडसर्फिंग

आम्हा बेळगावकरांना नदी म्हणजे मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा. घाटमाथ्यावर उगम पावायचं आणि समुद्राकडं पाठ करून पूर्वेला चालू पडायचं. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा खानापूरवरून पुढं जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते, तिचं पाणी कधी मागं फिरत नाही. त्यामुळे दिवसातून दोनदा उलटी वाहणारी नदी आणि वर तिच्यावर शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहायचं, हे आतेभावानं फोनवर सांगितल्यापासून मला रात्री झोप नव्हती. त्याचा एक मित्र बरीच वर्षं गोव्यात वॉटर स्पोर्ट्समध्ये काम करून आता कारवारला परत आलाय, त्याच्याकडं स्वतःचे दोन शिकाऊ बोर्ड आणि शिडं आहेत, ओळखीतल्यांना शिकवतो. मी, धाकटा भाऊ आणि वहिनी, असे आम्ही निघालो.

शुक्रवार

सकाळी सहाला बेळगाव सोडलं, आत्यासाठी कुंदा घेतलेला होताच. खानापूरला इडली-वडा खाल्ला आणि रामनगर, जोयडा करत अणशी घाटानं खाली. हा सगळा पट्टा काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो (आधी दांडेली-अणशी म्हणायचे, २०१५ मध्ये नाव बदललं), त्यामुळे रस्ता उजेडातच करा आणि पेट्रोल, पाणी, खाणं रामनगरलाच बघून घ्या, पुढं बराच वेळ काही मिळत नाही आणि मोबाईलला रेंज पण नसते. घाटात गाडीच्या काचा खाली केल्या तर थंडगार, आणि कद्र्याला उतरलो तसं एकदम दमट, अंगाला शर्ट चिकटायला लागला.

कद्रा हे काळीवरचं समुद्राच्या बाजूचं शेवटचं धरण. नदी उगम पावते जोयडा तालुक्यातच, दिग्गी गावाजवळ, आणि साधारण १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते, मधे सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि मग हे कद्रा. धरणाच्या खाली नदी रस्त्याच्या सोबतीला येते आणि प्रत्येक वळणाला रुंद होत जाते. हणकोणच्या आसपास काठाला तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं, दिसायला लागली, म्हणजे पाण्यात खार आला हे कळलं.

आत्याचं घर सदाशिवगडला, नदीच्या उत्तर काठावर. लग्न होऊन बेळगावातून इकडं आली त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. आता तिची भाषा निम्मी बेळगावी निम्मी कारवारी झालीय आणि मासे घेताना पूर्ण कोकणी. जेवायला उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तळलेला बांगडा आणि सोलकढी. जेवता जेवता मी विचारलं की उद्या भरती किती वाजता, मोबाईलवर बघूया काय, तर आत्या वाढता वाढताच म्हणाली, "उद्या वद्य षष्ठी. साही पाऊण साडेचार. साडेचारला भरती पुरी होईल, मोबाईल कशाला पायजे?"

हा हिशोब किनाऱ्यावरच्या सगळ्या जुन्या लोकांना येतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरती पूर्ण भरण्याची साधारण वेळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तास मागं-पुढं मोजलं की ओहोटी. तरी मी गुपचूप भरती-ओहोटीचं ॲप उघडून बघितलं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक होता. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "मग? तुझ्या मोबाईलचं चुकलं असेल."

शनिवार

सकाळी सातला आम्ही तिघंही तयार होऊन नदीवर हजर. पाणी काचेसारखं, वारा मागून डोंगराकडून हलका येत होता, आणि मला वाटलं की शिकायला याच्यापेक्षा चांगली वेळ कुठली. कोच दादांनी, म्हणजे आतेभावाच्या त्या मित्रानं, बोर्ड उतरवायलाच नकार दिला. त्यांनी वाळूतून मूठभर सुकी पानं उचलली आणि पाण्यात टाकली. आम्ही बघत उभे राहिलो. पानं आधी सावकाश आणि मग भराभर पुलाकडं, म्हणजे समुद्राकडं निघाली.

ते म्हणाले, "बघा, पहाटे चारला भरती संपली, आता दहा-सव्वादहापर्यंत ओहोटी. आणि हा जमिनीवरचा वारा, मतलई. पाणी पण बाहेर ओढतंय, वारा पण बाहेर ढकलतोय. नवीन माणूस अशा वेळी पडला, दमला, की सरळ खाडीच्या तोंडातून बाहेर. मी कुणालाच सोडत नाही."

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, जमीन लवकर तापते नि लवकर थंड होते वगैरे, पाच मार्काला आकृती. त्या सकाळी ती आकृती डोळ्यासमोर पाण्यावर चाललेली बघितली. दुपारी जमीन तापली की हाच वारा फिरणार आणि समुद्रावरून नदीच्या तोंडातून आत शिरणार, म्हणजे पडलं झडलं तरी माणूस आतल्या बाजूला, काठाकडं जाणार. कुणालाही भरतीच्या नदीवर असलं काही करायचं असेल तर आधी हे बघा, बोर्डचं मॉडेल, शिडाची साईज सगळं नंतर.

मग सकाळचा वेळ मोकळा मिळाला आणि तो फार छान गेला. पाणी उतरत गेलं तसे नदीच्या मधेच वाळूचे पट्टे वर आले आणि बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या काढायला उतरल्या. गुडघाभर पाण्यात वाकून, बोटांनी वाळू चाचपत. वहिनी त्यांच्यात जाऊन उभी राहिली, तिला कोकणी येत नाही नि त्यांना बेळगावी मराठी अर्धी कळते, तरी दहा मिनिटांत त्यांनी तिला शिकवलं की तळपायाला वाळूत टणक लागलं की थांबायचं. एका मावशीनं तिच्या ओंजळीत मूठभर तिसऱ्या टाकल्या, पैसे काही केल्या घेईनात. तिवराच्या मुळांना आणि खडकांना मात्र कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, तेव्हा अनवाणी उतरू नका. जुने कॅनव्हासचे बूट चालतात, चप्पल चिखलात राहते.

त्याच वेळात दादांनी आम्हाला वाळूवर सगळं साहित्य जोडायला लावलं. मास्ट, म्हणजे शिडाचा उभा दांडा, शिडाच्या बाहीतून घालायचा, खालची दोरी ताणायची, मग बूम लावायचा, म्हणजे हातात धरायचा आडवा दांडा. मास्ट बोर्डला एका लवचिक सांध्यानं जोडलेला असतो, तो कुठल्याही बाजूला झुकतो आणि सगळी गंमत त्या सांध्यात आहे. साध्या होडीचं शीड एका जागी घट्ट उभं असतं आणि वळायला सुकाणू लागतं, इथं सुकाणू नाहीच. शीड पुढं झुकवलं की बोर्डचं तोंड वाऱ्यापासून लांब वळतं, मागं झुकवलं की वाऱ्याकडं वळतं. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्या एबाद अलीनं चीनमधल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये २०२३ ला विंडसर्फिंगमध्ये ब्राँझ मिळवलं, हे सांगताना दादांचा आवाज बदलला. बेळगावात क्रिकेट, फुटबॉल, कुस्तीच्या बातम्या आपण वाचतो, ही बातमी माझ्या नजरेतून पूर्ण सुटली होती, आणि एवढी अवघड गोष्ट करून दाखवणाऱ्याचं नाव घराघरात असायला पाहिजे असं मला मनापासून वाटलं.

दुपारी बाराच्या सुमारास वारा पडला, एकदम. गरम, चिकट, पान हलेना. मग पुलाच्या पलीकडं समुद्राच्या बाजूला पाण्यावर गडद पट्टा दिसला, तो हळूहळू जवळ आला, आणि तोंडावर गार वारा लागला. आतेभाऊ म्हणाला, "आला बघ." काठावरची सगळी माडं एकाच दिशेला झुकली.

दीडच्या सुमाराला आम्ही पाण्यात. लाईफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, पोहता येत असलं तरी. शेजारचे एक मामा, जन्मभर मासेमारी केलेले, त्यांची छोटी इंजिनाची होडी घेऊन आमच्या खालच्या अंगाला थांबलेले. आणि तीन नियम: बोर्ड कधी सोडायचा नाही, काही झालं तरी तोच आपली होडी. मदत लागली तर बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूनं वर-खाली हलवायचे. आणि पुलाच्या खांबांजवळ अजिबात जायचं नाही, तिथं पाणी चिंचोळ्या जागेतून जोरात ओढतं. ६ आणि ७ ऑगस्ट २०२४ च्या मधल्या रात्री इथला जुना पूल कोसळला, एक ट्रक खाली गेला, ड्रायव्हरला वाचवलं. मामा ते सांगत होते तेव्हा होडीत कुणी बोललं नाही.

पहिला भाग म्हणजे नुसतं उभं राहणं. दोनशे लिटरचा बोर्ड रुंद असतो, स्थिर असतो, पण शीड पाण्यात आडवं पडलेलं आणि त्याच्यावर पाणी. ते दोरीनं उचलायचं तर विहिरीतून भरलेली घागर ओढल्यासारखं, हातानं ओढलं की दोन मिनिटांत खांदे जातात, गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवून पायानं उठायचं. थोडं वर आलं की पाणी निथळतं आणि शीड अचानक हलकं होतं, आणि तिथंच तोल जातो. आम्ही तिघंही पडलो, पुन्हा चढलो. पाणी कोमट, कमी खारट, पडायला काही वाटत नव्हतं. भाऊ काठावरून ओरडत होता, "ताई, पायाकडं कशाला बघालीस, पुढं बघ की!" आणि खरंच, नजर पलीकडच्या काठावरच्या एका माडावर ठेवली तसे पाय आपोआप शांत झाले.

मग बूम धरला. पुढचा हात, मागचा हात, मागचा हात हलकेच जवळ ओढला आणि बोर्ड निघाला. आवाज आधी आला, बोर्डखाली पाण्याचा चळचळ, मग कळलं की आपण चाललोय. वारा नदीच्या लांबीत वाहत होता आणि आम्ही आडवे, या काठावरून त्या काठाकडं, ही शिकायला सगळ्यात सोपी दिशा. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, दोन्ही बाजूला साधारण ४५ अंशाचा कोन सोडावा लागतो.

पण एक अडचण होती. भरती चालू, म्हणजे पाणी आत चाललेलं आणि वारा पण आत. आडवं जाऊन परत आलं की प्रत्येक वेळी आपण निघालेल्या जागेच्या बरेच वर, कद्र्याच्या दिशेला, पोचलेलो. मामा येऊन दोर टाकून ओढून खाली आणायचे. वहिनी एकदा तिवरांच्या अगदी जवळ गेली, तिथं बगळे बसलेले, ते उडाले सुद्धा नाहीत. मामा म्हणाले, "थांबा गो, पाणी फिरूं दी." त्यांना घाई नव्हती.

चारच्या पुढं दमून आम्ही वाळूवर आलो. आत्यानं डब्यात पोहे नि आमच्याच कुंद्याचे तुकडे पाठवले होते, आतेभावानं नारळपाणी आणलं. इथं एक सांगते, पाण्यात असताना तहान कळत नाही, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस अर्ध्या अर्ध्या तासानं प्याच. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, सुती नको, सुती भिजून जड होतो आणि वाऱ्यात थंडी वाजते. चष्मा असेल तर मागं दोरी बांधा. आणि तळहाताला बूम घासून फोड येतात, पहिल्याच दिवशी, तेव्हा आधीच टेप गुंडाळा.

साडेचारला नदी थांबली. खरंच थांबली, सकाळसारखी पानं टाकून बघितली तर जागच्या जागी. आत्याची षष्ठी तंतोतंत. पुढं वीसेक मिनिटांनी ती पानं समुद्राकडं सरकायला लागली आणि वारा मात्र समुद्रावरूनच, तसाच, उलट जरा वाढलेला. दादा उठले, "आता चला."

आता पाणी बाहेर आणि वारा आत, समोरासमोर. पाण्यावर लगेच छोट्या छोट्या उभ्या लाटा झाल्या, बोर्ड थडथड करायला लागला. पण शिडात जो जोर आला तो दुपारी नव्हताच. दादांनी याचा हिशोब वाळूवर काडीनं काढून दाखवला होता: वारा दहा नॉट आणि पाणी एक नॉट धरा (नॉट म्हणजे समुद्रावरचं वेगाचं माप). भरतीत पाणी तुम्हाला वाऱ्याबरोबरच नेतं, म्हणून शिडाला लागतो नऊ नॉट. ओहोटीत पाणी तुम्हाला वाऱ्याच्या समोर ढकलतं, म्हणून लागतो अकरा. आणि शिडावरचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, नऊचा वर्ग एक्क्याऐंशी, अकराचा एकशे एकवीस, म्हणजे तोच वारा आणि जोर जवळजवळ दीडपट. ऐकताना गणित होतं, बूम हातात धरल्यावर ते दंडात नि मांड्यांत कळलं. मागं रेलायचं, पूर्ण वजन वाऱ्यावर टाकायचं, आणि वारा धरतो.

दक्षिण काठाकडं निघाले. मधे खोल पाण्यात रंग बदलतो, हिरव्यातून काळपट, एक मासा बोर्डच्या पुढून उडाला. पलीकडच्या काठाच्या अलीकडं शीड मागं झुकवलं, बोर्डचं तोंड वाऱ्याकडं वळलं, मास्टच्या पुढून छोट्या पावलांनी दुसऱ्या बाजूला गेले, शीड पुन्हा भरलं. परत निघाले, आणि मान वर करून बघते तर समोर आमचीच वाळू, आतेभावाची लाल टोपी, आत्याचा डबा. मामांच्या दोराची गरज नाही. वाऱ्यानं मला जेवढं आत ढकललं तेवढं नदीनं बाहेर आणून सोडलं होतं. मी ओरडले ते काय ओरडले मला आठवत नाही, पण काठावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून कन्नडमधून मला चिअर करायला लागली, मामांनी होडीतून हात वर केला.

मग कोण थांबतंय. आळीपाळीनं आम्ही जात राहिलो. भाऊ पहिल्यांदा आडवा जाऊन परत आला तेव्हा वहिनीनं शिट्टी मारली, तिला शिट्टी येते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सहाच्या पुढं वारा मऊ पडला तसं दादांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं, कारण आता वारा गेला की फक्त ओहोटी उरते. कितीही मजा येत असली तरी हा नियम मोडू नका.

रात्री आत्यानं वहिनीच्या त्या मूठभर तिसऱ्या वेगळ्या शिजवल्या, तिलाच वाढल्या. हात इतके भरून आलेले की मला भाकरी मोडता येईना, आतेभावानं मोडून दिली.

रविवार

अंग ठणकत होतं तरी सकाळी गडावर गेलोच. सदाशिवगड उंच नाही, सोंद्याच्या राजानं बांधलेला, वडिलांच्या नावावरून नाव ठेवलेलं, वर दुर्गादेवीचं देऊळ, जवळच दर्गा. वरून नदीचं सगळं तोंड दिसतं, पूल, पलीकडं कारवार, बाहेर कुर्मगड बेट. शनिवारी आम्ही ज्या पाण्यात दिवस घालवला ते वरून बघताना मला एकेक जागा ओळखता आली, इथं वारा जोराचा होता, इथं तिवरं, इथं मामा थांबायचे.

रवींद्रनाथ टागोर तरुणपणी इथं राहिले होते, त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते. रवींद्रनाथांनी आठवणींत लिहिलंय की एका चांदण्या रात्री छोट्या होडीतून ते काळीतून वर गेले, आणि येताना होडी ओहोटीवर सोडून दिली. हे मी आधी वाचलं होतं, पण 'ओहोटीवर सोडून दिली' म्हणजे नक्की काय, ते आता कळलं. ओहोटी कधी लागणार हे बघून निघालेली माणसं होती ती.

खाली उतरून कारवारात इसवणाची थाळी जेवलो, समुद्रकिनाऱ्यावरचं युद्धनौकेचं म्युझियम बाहेरूनच बघितलं, कारण घाट उजेडात चढायचा होता. आत्यानं सुके बांगडे बांधून दिले, वर्तमानपत्राचे चार थर आणि त्यावर प्लास्टिक, तरी गाडीत रामनगरपर्यंत वास.

कुणाला जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल धरा, दुपारचा वारा त्या महिन्यांत भरवशाचा असतो. पावसाळ्यात नाव काढू नका, नदीला पूर असतो आणि कद्र्यातून पाणी सोडतात. तिथी बघताना पंचमी ते अष्टमीच्या मधला शनिवार गाठा, शुद्ध असो की वद्य. एक तर तेव्हा भांगाची भरती असते, पाणी उधाणासारखं ओढत नाही, आणि दुसरं म्हणजे पाणी दुपारी चार-पाचच्या आसपास फिरतं, तेव्हा वारा अजून जिवंत असतो. आमचं पुढचं ठरलंय, भाऊ कालनिर्णय घेऊन बसलाय, आणि या वेळी आईला पण नेणार आहोत, ती म्हणाली मी बोर्डवर चढणार नाही पण मामांच्या होडीत बसेन.